आवळायचा नट

"वाचाय येतंय म्हणून गाडी कळती असं न्हाय," मिस्त्री गाडीखालून दादाला म्हणाले. मी ऐकतेय हे त्यांच्या लक्षात नसावं. मी बाजूला स्टुलावर, गाडीचं इंग्रजी मॅन्युअल मांडीवर घेऊन बसले होते.

उद्यमनगरातल्या त्या गॅरेजातला तो आमचा चौथा शनिवार. दादाने एक जुनी छोटी गाडी ड्रॅग रेससाठी तयार केली होती. सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या, पाव मैल, संपलं. पण आमची गाडी सुटतानाच डावीकडे ओढायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत डावीकडे दुसरी गाडी असणार होती. दादाने घरी सांगितलं होतं की गाडी आता सरळ पळते. ती पळत नव्हती, हे आम्हा तिघांनाच माहीत होतं.

शॉकअप बदलून झाले होते. टायर डावे-उजवे करून झाले होते. चाकांचं अलाइनमेंट दोनदा करून झालं होतं. आणि दर वेळी शेवटी सापडायचं तेच: पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या आर्मचं रबरी बुश फाटलेलं. नवं बसवायचं, आठवडाभरात रिकाम्या रस्त्यावर चार-दोनदा गाडी सोडून बघायची, की ते पुन्हा फाटलेलं. मला त्या रबराचा वाससुद्धा नकोसा झाला होता.

"माल डुप्लिकेट हाय," मिस्त्री म्हणाले.

"गेल्या शनिवारी पण हेच म्हणालात की," दादा म्हणाला.

"मग गेल्या शनवारचा बी डुप्लिकेटच हुता."

दादाला हसायचंही त्राण नव्हतं. तो भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राहिला.

मिस्त्रींचा एक नियम होता. गाडी खाली घेण्याआधी प्रत्येक नट पूर्ण आवळलेला पाहिजे. तरुणपणी एका ट्रकचा नट सैल राहिला आणि घाटात चाक निखळलं, तेव्हापासूनचा. त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे तसंच करायचे. त्यात नावं ठेवण्यासारखं कुणाला काही वाटलं नव्हतं, मलाही नाही.

ते नवं बुश बसवत होते आणि मला काही काम नव्हतं, म्हणून मी मॅन्युअलमधलं बुशचं पान पुन्हा वाचलं. पहिल्या शनिवारी ते मीच त्यांना मराठीत सांगितलं होतं. बुशचा हा नट आवळायचा, इतक्या जोराने. पण वाक्य तिथे संपत नव्हतं. चाकं जमिनीवर असताना, गाडीचं वजन त्यांच्यावर असताना आवळायचा, असं पुढे होतं. ते मराठीत कसं म्हणावं हे मला त्या दिवशी चटकन सुचलं नाही. मिस्त्री "पुढं?" म्हणाले, आणि मी पुढची ओळ घेतली.

मी गाडीकडे पाहिलं. खाली उतरून काम करायचा खड्डा पलीकडे रिकामा होता, आणि ही इथे स्टँडवर होती, पुढची चाकं लोंबत होती, आर्म खाली झुकलेला. असाच नट आवळला की रबर त्याच जागी पक्कं होणार. मग गाडी खाली आली की आर्म वर जाणार आणि रबर पिळलेलं राहणार, गाडी नुसती उभी असली तरी. माल खरा असो की खोटा. तिन्ही वेळा आम्ही ते पिळूनच बसवलं होतं.

गॅरेजातून निघाल्यावर वाटेत दादाला एकट्याला सांगावं, असं मनात आलं. पण तोवर गाडी टेम्पोवर चढलेली असणार. पुन्हा गॅरेजात आणायला तो तयार झाला नसता. तो फार दमला होता.

"ताईसायेब, त्यो मोठा पाना द्या हिकडं," मिस्त्रींनी हात बाहेर काढला.

पाना माझ्या पायाशी होता. मी तो उचलला आणि हातातच धरून ठेवला.

"देताय न्हवं?"

"काका, आत्ता आवळू नका," मी म्हणाले. "हाताने लावून ठेवा, गाडी खाली घ्या, खड्ड्यावर न्या. वजन चाकांवर आलं की मग खालून आवळा. पुस्तकात तसंच लिहिलंय. पहिल्या दिवशी मी ते वाचायचं सोडलं."