रस्त्यापलीकडची विहीर

आमच्या सासूबाई, कालिंदीबाई, यांनी उतारवयात क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुसरा नेम त्याहून कडक: प्यायचं पाणी स्वतःच्या हातांनी भरायचं. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरून त्या रोज घागर भरून आणत. नऊ वर्षांत माझ्या हातचं पाणी त्यांनी घेतलं नव्हतं. मला त्याचा राग होता आणि तो मी भांड्यांवर काढत असे.

१९०९ साली यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, कंदव्याच्या पाठशाळेत नोकरी लागली आणि आम्ही तिथे घर बांधलं. कंदवा पंचक्रोशीच्या रस्त्यावर. यात्रेकरू काशीला उजव्या हाताला ठेवून त्या रस्त्याने चालतात. उजवीकडे काशी, डावीकडे बाकीचं जग. आईसाठी यांनी उजवीकडची जागा पारखून घेतली. फक्त पाणी पारखायचं राहिलं. अंगणातल्या विहिरीला इतकं खारं पाणी लागलं की डाळ शिजेना. गोड पाण्याची जुनी विहीर होती रस्त्यापलीकडे, वीस पावलांवर.

सासूबाई एक्क्यातून आल्या त्या चार घागरी घेऊन.

"या संपेपर्यंत बघ काय ते, ढुंढिराज. नाहीतर मी आपली पंचगंगेवर परत जाते. कोठडी आहे अजून."

सत्तरीची आई त्या कोठडीत एकटी राहणार, या विचाराने यांची झोप उडाली.

हे न्यायशास्त्र शिकवत, त्यामुळे सरळ प्रश्नाचाही यांच्या हातात गुंता होई. हे शहरातल्या शास्त्र्यांकडे गेले. नीलकंठशास्त्री म्हणाले, रस्ता काशीत धरावा, विहीर धरू नये. वेणीमाधवशास्त्री म्हणाले, रस्ताही धरू नये. तिसऱ्यांनी विचारलं, झरा कुठून येतो? मग हे तहसिलीत गेले. तिथल्या अमिनाने, म्हणजे मोजणीदाराने, सरकारी नकाशा पसरला. त्यात बांध होते, बाभळीसुद्धा होत्या. काशी कुठे संपते तेवढं नव्हतं. येताना यांनी सुंभाची दोरी आणली आणि रस्ता मोजला. कशासाठी, ते यांनाही सांगता येईना.

शेवटी अंगणात हौद बांधला. चुन्यातला, पन्नास घागरींचा. रस्त्याखालून खापरी नळ घातला. पाणी भरणारा कहार पलीकडे शेंदून नळात ओती, ते अलीकडे हौदात पडे. त्याने ओंजळभर पिऊन पाहिलं आणि ओरडला, "माई, ई पानी त खूब मीठा हौ!"

सासूबाईंनी हौदाच्या कडेवरून हात फिरवला. "बढिया झालाय. गाईला होईल."

"पण आई, हौद काशीत आहे!"

"हौद आहे रे. पाणी शेंदलं कुणी?"

चौथ्या घागरीत दोन तांबे उरले होते.

दुसऱ्या सकाळी एक्का दारात आला. सासूबाईंचं गाठोडं तयार होतं. हे दोरी घेऊन हौदाच्या कठड्यावर बसले होते. खरं सांगते, मला त्या जायला हव्या होत्या. स्वयंपाकघर एकदाचं माझं होणार होतं. पण त्यांनी घागर तांब्यात पालथी केली, घोटभर पाणी निघालं, तेवढं पिऊन ओठ पुसले, आणि मला काय झालं कोण जाणे. मी डोक्यावरून पाणी ओतून घेतलं, ओलेत्यानेच त्यांची घागर उचलली आणि रस्ता ओलांडला. त्या घागरीला मी पहिल्यांदाच हात लावला होता.

"अगं, काय करतेस!" त्या रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. मी घागर विहिरीत सोडली तशा पुन्हा ओरडल्या, "दोर आखडून धर! काठाला आपटेल!"

भरलेली घागर मी त्यांच्या पायाशी आणून ठेवली. आता त्या ती ओतून देणार, असंच मला वाटलं.

मागून हे म्हणाले, "आई, शास्त्रात याला..."

"तू गप रे."

त्यांनी ओंजळ पुढे केली. "ओत."

त्या प्याल्या. एक, दोन, तीन ओंजळी. मी जिंकले की अडकले, मला काही कळेना. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि एक्केवाल्याला जायची खूण केली.

"उद्यापासून लवकर न्हात जा," त्या मला म्हणाल्या. "मला पहाटे तहान लागते."