राणीसरकारांचं बिऱ्हाड

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळ्या ताई म्हणत. आपणही ताईच म्हणू. दिवसभर उभ्याने चादरींना इस्त्री करून ती घरी यायची, तेव्हा पोटऱ्यांचे नुसते दगड झालेले असत. स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवरच बसकण मारून ती नवऱ्याला विचारायची, "आली का बाहेर?"

"छे! राणीसरकारांनी आज कुणालाच दर्शन दिलेलं नाही," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणायचा.

राणीसरकार म्हणजे वॉशिंग मशीनच्या मागे भिंतीला चिकटून बसलेली करडी कुत्री. एका बंद पडलेल्या गोदामात साखळीला बांधून कुणी तरी तिला टाकून गेलं होतं. तिला सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाई ताईच्या ओळखीतल्या. "कायमचं घर मिळेपर्यंत ठेव गं, थोडेच दिवस," असं त्या म्हणाल्या आणि ताई हो म्हणून बसली. थोडे दिवस म्हणता म्हणता हिवाळा सरून उन्हाळा लागला होता.

कुत्री चावायची नाही, भुंकायची नाही, काही मागायचीही नाही. माणसाचा हात पुढे आला की डोळे घट्ट मिटून घ्यायची, एवढंच. ताई रोज संध्याकाळी तळहातावर खाणं घेऊन मशीनपाशी बसायची. हाताला मुंग्या यायच्या, कुत्री काही यायची नाही. मग ताई वाटी तिथेच सरकवून उठायची. कुणाचं पाऊल वाजत नाही अशी खात्री पटली की वाटी रिकामी व्हायची.

तिला घरी न्यायचं म्हणून माणसं बघायला येत. बँकेतले एक साहेब वाकवाकून मशीनमागे बघत राहिले आणि म्हणाले, "ही शेपूट तरी हलवते का हो?" एका शिक्षिकाबाईंनी मात्र हौसेने नेली. नवी गादी आणली, खेळणी आणली. आणि आठवडा उलटायच्या आत तिला परत आणून सोडली.

"वाईट वाटून घेऊ नका, पण पलंगाखालून निघतच नाही. मुलं हिरमुसतात हो. आपण एवढं करायचं आणि हिने ढुंकूनही बघायचं नाही!"

ताईला त्यांचा राग आला नाही. खरं सांगायचं तर तिच्याही मनात तेच होतं. फक्त ती ते कुणाला बोलली नव्हती.

मग जुन्या फर्निचरच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या. त्यांनाही डॉक्टरीणबाईंनीच पाठवलं होतं. बरोबर त्यांचा स्वतःचा कुत्रा, म्हातारा, रुंद, डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. बाईंनी कुत्री कुठे आहे तेसुद्धा विचारलं नाही. खुर्ची ओढून मशीनकडे पाठ करून बसल्या.

ताईने नेहमीचं पाठ झालेलं सुरू केलं, "जरा घाबरट आहे, वेळ द्यावा लागेल. पण एकदा का तिने जीव लावला की..."

"मला नकोय कुणी जीव लावायला," बाई म्हणाल्या. "याचा जोडीदार गेला, तेव्हापासून हा धड खात नाही. सोबत याला हवीय. मला नाही."

काय रुक्ष बाई आहे, ताईला वाटलं. हिच्या घरी काय म्हणून द्यायची?

तेवढ्यात म्हातारा डुलत डुलत मशीनपाशी गेला. मागे नाक खुपसून त्याने हुंगलं, राणीसरकारांचं पाणी लपालपा पिऊन टाकलं आणि मोठा सुस्कारा सोडून तिथेच आडवा झाला.

"अगं, बघ," नवरा हळूच म्हणाला.

पोट जमिनीला घासत कुत्री बाहेर येत होती. भरदिवसा, परक्या घरात शिरल्यासारखी बिचकत, पण येत होती. तिने म्हाताऱ्याचा कान हुंगला. मग त्याच्या पाठीला पाठ लावून ती बसली.

ताईला आनंद झाला म्हणावं, तर तसंही नव्हतं. एवढे महिने हात पुढे करून ती बसली होती आणि त्या थोराड कुत्र्याने फक्त दुसऱ्याचं पाणी पिऊन काम केलं होतं.

"तुम्ही दमलाय," टेबलाचा पाय हलतोय असं सांगावं, तशा सुरात बाई म्हणाल्या. "नेते मी हिला."

म्हाताऱ्याच्या शेपटीमागून कुत्री दुकानाच्या टेम्पोत चढली. तिने मागे वळून पाहिलं नाही. नवरा आत जाऊन मशीनपाशी पडलेली वाटी घासायला लागला.

पुढे महिनाभराने ताई ड्युटीवरून सुटल्यावर परस्पर दुकानात गेली. कपाटं, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, पॉलिशचा वास. एका मोठ्या जेवणाच्या टेबलाखाली दोन पाठी एकमेकींना टेकलेल्या दिसल्या.

"हात लावू देते का?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय? खाते, झोपते. म्हाताराही खायला लागलाय. बसा ना, उभ्या का?"

बाईंनी पुढे केलेली खुर्ची चांगली खोल, हातांची होती. ताईने पाठ टेकली. जरा वेळ बसून निघू, असं मनाशी म्हणता म्हणता तिची मान कलली. अर्धवट झोपेत तिला गिऱ्हाइकाचा आवाज ऐकू आला.

"ही खुर्ची केवढ्याला?"

"उद्या या," बाई म्हणाल्या. "आज ती रिकामी नाही."