नळीच्या पोटावरचे ठसे

जुन्या दुनळी बंदुकीच्या पाठीवर नाव असतं आणि पोटावर खरं काय ते असतं, असं बंदुकांचे कारागीर ठसेवाले म्हणायचे. माणसांबद्दलही त्यांचं मत फारसं वेगळं नव्हतं. पण माणसांच्या नळ्या सोडवून बघता येत नाहीत, म्हणून ते बंदुका दुरुस्त करत.

हार्डवेअरच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांची एका खोलीची कार्यशाळा होती. खिडकीखाली बाक, बाकाला चामडं लावलेला, नळी पकडून धरणारा वाइस, आणि हवेत तेलाचा वास. कोणी बंदूक आणली की ठसेवाले तिचं नक्षीकाम बघायचेच नाहीत. नळ्या सोडवायच्या, उलट्या करायच्या आणि मुळाशी खालच्या सपाट भागावर उमटवलेले बारीक ठसे वाचायचे : नळी घडवली कोणी, कुठल्या दारूवर तपासली. दुरुस्ती करणाराही आपला ठसा तिथेच मारतो. ठसेवाल्यांचा ठसा मुगाच्या दाण्याएवढा होता, आणि ज्या बंदुकीचा बार ते स्वतः खांद्याला लावून काढणार नाहीत तिच्यावर तो उमटत नसे. नियम एवढा एकच असल्यामुळे त्यांना पाळायला सोपा जायचा. जड जायचा तो गिऱ्हाइकांना.

आणि एके दिवशी गिऱ्हाईक म्हणून साक्षात व्याही आले, मुलीचे सासरे.

"पॉलिश करा आणि तुमचा ठसा ठोका," ते बसता बसता म्हणाले. "रविवारी नेमबाजी क्लबच्या स्पर्धेचा पहिला बार मी काढणार, तोही आजोबांच्या बंदुकीने. दुरुस्तीवाल्याचा ठसा नसेल तर जुनी बंदूक मैदानात नेऊ देत नाहीत. तेवढीच अडचण."

पाठीवर वेलबुट्टीत एक भारदस्त नाव कोरलेलं होतं. ठसेवाल्यांनी नळ्या उलटल्या. पोट आरशासारखं चकचकीत होतं.

"हे काय केलंत व्याही?"

"तीन पिढ्या आम्ही हिला पॉलिश पेपरने घासतोय!" व्याह्यांचा ऊर भरून आला. "घरात हीच एक वस्तू, जिने धूळ पाहिलेली नाही."

तीन पिढ्यांनी मिळून मोठ्या प्रेमाने तिचा जन्मदाखला पुसून टाकला होता.

ठसेवाल्यांनी ट्यूबलाइट बंद केली आणि टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून तिरका धरला. हळूहळू सावल्या उमटल्या. अर्धा मुकुट, घडवणाऱ्याची दोन अक्षरं, त्याखाली तपासणीचा ठसा. त्याच्या शेजारी काहीच नाही.

"ही जुन्या काळच्या सौम्य काळ्या दारूपुरती तपासलेली आहे. आजच्या काडतुसाचा जोर हिला झेपायचा नाही. हातात फुटेल."

"त्याचाही ठसा असणार. घासून गेला असेल."

"ठसा घासला तरी दबलेलं लोखंड दबलेलंच राहतं. त्याची सावली पडते. इथे सावली नाही, म्हणजे इथे कधी कोणी काही मारलेलंच नाही."

"वडिलांनी आजचीच काडतुसं उडवली हिच्यातून. फुटली का?"

"फुटलेली प्रत्येक बंदूक आदल्या बारापर्यंत धडधाकटच असते."

व्याही उठले. "व्याह्याच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? बघा विचार करून. परवा येतो," म्हणाले आणि बंदूक तशीच ठेवून गेले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, ठोकून टाका ना एक ठसा! सासरे जेवताना कोणाकडे बघत नाहीत. नुसते ताटाकडे बघतात."

"बघू दे. डोळे शाबूत आहेत तोवर कुठेही बघू दे."

"आणि इथे टोमणे मी ऐकायचे?"

ठसेवाल्यांनी फोन ठेवला. बायकोनेही तेच सुनावलं, "तुम्ही बंदुकीचा संसार बघा. मुलीचा कोण बघणार?"

"ठसा मारणार नाही."

"मारा असं कोण म्हणतंय? नाही म्हणायचंय ना, मग ते त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्या. तुम्ही म्हणालात तर अपमान होतो."

ठसेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ते बंदुकीचं पोट वाचायचे तसं ती माणसांचं वाचायची. तिच्याकडे ठसा नव्हता, एवढाच काय तो फरक.

व्याही तिसऱ्या दिवशी आले तेव्हा मागच्या अंगणात तयारी झालेली होती. बंदूक जुन्या टायरवर करकचून बांधलेली, तोंड वाळूच्या पोत्यांकडे, आत काडतूस, आणि चापाला बांधलेली दोरी विटांच्या भिंतीमागे आणलेली.

"काडतूस आजचंच आहे, फक्त दारू थोडी जास्त घातलीय. तपासणीत असंच करतात," ठसेवाले म्हणाले. "नळी टिकली की लगेच ठसा मारतो आणि चारचौघांत तुमची माफीही मागतो. घ्या, ओढा."

"मी?"

"बंदूक तुमची, आजोबा तुमचे. मी कोण ओढणारा?"

व्याह्यांनी दोरी घेतली. भिंतीवरून डोकावून पाहिलं. उन्हात ते वेलबुट्टीतलं नाव चमकत होतं. त्यांनी दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. ठसेवाले स्वस्थ उभे होते. नळी टिकणार नाही याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. व्याही दोरी ओढतील की नाही, याबद्दल मात्र होती.

"दोरी जरा ओली वाटते," शेवटी व्याही म्हणाले.

दोरी सकाळपासून उन्हात पडलेली होती. ठसेवाल्यांनी ती दोन बोटांत धरून नीट चाचपली.

"ओलीच आहे. ओल्या दोरीचा भरवसा नाही."

"तेच म्हणतोय मी! आजोबांची वस्तू आहे, उगाच भलत्या दोरीवर कशाला सोडायची?"

"बरोबर आहे तुमचं."

रविवारी व्याह्यांनी क्लबच्या साध्या बंदुकीने पहिला बार काढला. नेमासाठी हवेत उडवलेली मातीची तबकडी अखंड जमिनीवर उतरली. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

रात्री मुलीचा फोन आला. ती हसू दाबत होती.

"बाबा, सासरे सगळ्यांना सांगतायत की आजोबांची बंदूक त्यांनी स्वतः विचार करून निवृत्त केली. तुम्हीच म्हणे बार काढा म्हणून मागे लागला होतात, दोरीसुद्धा हातात दिलीत!"

"दिली होती," ठसेवाले म्हणाले.