मामांचा जावक क्रमांक

ईमेलवर फसवणाऱ्या भामट्यांपैकी एकालाही माझ्या मामांनी आजवर उत्तराविना ठेवलेलं नाही. बाकीचं जग असले मेल न वाचता पुसून टाकतं, मामा त्यांची नोंद करतात. बोरिवलीच्या त्यांच्या घरात टीव्हीशेजारी दोन जाडजूड वह्या आहेत, एक आवक, एक जावक. आलेल्या प्रत्येक मेलला आवक क्रमांक, पाठवलेल्या प्रत्येकाला जावक क्रमांक, पुढे तारीख, विषय आणि शेऱ्याचा रकाना. उभी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर गेली त्यांची. "आलेल्या पत्राला सात दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, टेबल काही सुटलं नाही.

परदेशातली लॉटरी लागल्याचं कळलं तेव्हा मामांनी उत्तर धाडलं, 'सदर लॉटरीचे तिकीट मी काढल्याचे स्मरत नाही. बक्षीस नजरचुकीने माझ्या नावे निघाले असल्यास योग्य व्यक्तीस द्यावे.' उत्तर अर्थातच मराठीत. समोरच्यानं ते कसं वाचायचं, हा त्याचा प्रश्न. पुढे कुठल्याशा दिवंगत सेनापतीच्या विधवेनं पेट्या भरून सोनं देऊ केलं, तर मामांनी आधी तिला दुखवट्याचं पत्र पाठवलं. मग मृत्यूचा दाखला, वारस दाखला आणि सोन्याची यादी, सगळं साक्षांकित करून तीन प्रतींत मागवलं. बाईंनी बिचाऱ्या पासपोर्टची झेरॉक्स पाठवली. मामांनी ती 'प्रत अस्पष्ट' म्हणून परत केली. चार महिन्यांनी बाईंनीच हात टेकले, तर यांची तीन स्मरणपत्रं गेली.

"मामा, ती बाईबिई नाहीये हो, कोणीतरी टोणगा बसलाय तिकडे," मी म्हणालो.

"बाई असो की बुवा, अर्धवट प्रकरण बंद करता येत नाही."

हा किस्सा मी ऑफिसात, लग्नाकार्यांत, जमेल तिथे रंगवून सांगायचो. हशा हमखास. असल्या माणसाला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं वर ठोकूनही द्यायचो.

तो जन्माला आला होता आणि त्याला मसुदा लिहिता येत होता. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याबाबत मामांना मेल आला. डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक, मग विषय, मग संदर्भ, आणि तळाशी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर'. मामांनी तो मामींना मोठ्यानं वाचून दाखवला. "काय मसुदा आहे! अशी माणसं अजून आहेत कचेऱ्यांत," असं म्हणाले म्हणे. आणि मागितलेली सगळी माहिती दिली. बँकेचा खाते क्रमांक दिला, पासवर्ड दिला, मोबाईलवर आलेला ओटीपी तर 'आपल्या संदर्भासाठी' म्हणून स्वतंत्र पत्रानं कळवला. मामींच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली मुदत ठेव दुपारच्या चहाआधी मोडली गेली.

"अहो मामा, पण विश्वास कसा ठेवलात?" कळताच बोरिवली गाठून मी विचारलं.

"जावक क्रमांक होता रे! खोट्या पत्राला कोण जावक क्रमांक टाकतं?"

मला हसू आवरेना. आयुष्यभर स्वतःच्या हातानं हे क्रमांक टाकले, आणि ते कोणीही टाकू शकतं हे या गृहस्थांना ठाऊक नसावं! मामी मात्र भिंतीला धरून उभ्या होत्या. भडकल्या की त्यांची मालवणी बाहेर येते. "मेल्या, हसतंस काय? माझे गुडघे गेले त्या जावक नंबरात!"

मामांनी तक्रारी लिहिल्या. बँकेला, पोलिसांना, पेन्शनच्या कचेरीला. काय तक्रारी होत्या! भामट्यानं वाचल्या असत्या तर पैसे परत केले असते. सात दिवस गेले, चौदा गेले, स्मरणपत्रं गेली. उत्तर नाही. एकदा कुठल्याशा यंत्राकडून दोन ओळी आल्या, 'आपली तक्रार मिळाली. कृपया या मेलला उत्तर देऊ नये.' ठेव बुडाली तेव्हाही मामांचा चेहरा इतका पडला नव्हता. "उत्तर देऊ नये असं पत्रात कोणी लिहितं का रे?" असं त्यांनी मला फोनवर दोनदा विचारलं.

आणि दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "उत्तर आलं! लगेच ये!" आम्ही राहतो मुलुंडला. बोरिवली म्हणजे दुसरं टोक, त्यामुळे माझं जाणं सणावारीच. पण त्या आवाजानं मी घोडबंदरची बस पकडली. मामांनी मेल उघडूनच ठेवला होता. बुडालेली रक्कम परत मंजूर झाली आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरावे. जावक क्रमांक झकास.

"मामा, हे तेच आहेत. एकदा फसलेल्याला पुन्हा गाठतात."

"मला वाटलंच होतं," मामा हळूच म्हणाले. "पण बघ ना, इतक्या जणांना लिहिलं. उत्तर दिलं ते चोरांनीच." मग त्यांनी आवक वही ओढली, क्रमांक टाकला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'उत्तराची आवश्यकता नाही. दप्तरी दाखल.' असा शेरा त्या वहीत पहिलाच. मला ते बघवेना.

ते चहाचं सांगायला आत गेले, तेवढ्यात मी उगाच जावक वही चाळली. आणि माझंच नाव दिसलं. माझ्या वाढदिवसाचे आशीर्वाद. बढतीबद्दल अभिनंदन. डेंग्यू झाला होता तेव्हा तब्येतीची चौकशी. प्रत्येकापुढे लाल शाईत, 'उत्तर अप्राप्त'. ते मेल मला आले होते. मामांचं लांबण वाचायला वेळ कुणाला, म्हणून मी उघडलेही नव्हते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुडघ्यांचं आम्ही भाचेमंडळी मिळून बघतोय. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी आधी मामांना मेल लिहायला बसलो. मोठा लिहिला, न वाचलेल्या सगळ्या पत्रांबद्दल माफी मागत, एकेकाचं उत्तर देत. दहा मिनिटांत फोन.

"काय रे, तुझ्या नावानं एक पत्र आलंय. तब्येत वगैरे विचारलीय, म्हणून संशय आला."

"मामा, मीच लिहिलंय."

"तू?" फोनमधून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जावक क्रमांक टाकत जा रे. सात दिवसांत उत्तर मिळेल."

आज सहावा दिवस आहे. मी सकाळ-संध्याकाळ मेल उघडून बघतो, स्पॅमचा कप्पासुद्धा.