तंदूरमध्ये ओतलेली बादली

अकोल्याचा मे महिना बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं, की तो समजल्यासारखी मान हलवतो. त्याला काही म्हणजे काही समजलेलं नसतं. मी तिवस्याकडची, उन्हातान्हातच वाढलेली, तरी शिकायला अकोल्यात आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात माझीही बोलती बंद झाली. कॉलेज सकाळचं, म्हणून दुपारी एका हॉटेलात पार्सल बांधायचं काम धरलं होतं. हॉलमध्ये गिऱ्हाइकांसाठी मोठमोठे कूलर होते. माझं टेबल स्वयंपाकघराच्या दारात. पाठीला कूलर आणि तोंडाला भट्टी, अशी माझी नोकरी.

तंदूरवर नेपाळहून आलेला एक माणूस होता. डोंगरातल्या गावचा, चाळिशीतला, घरी बायको आणि दोन मुली. मी त्याच्या मुलीच्या वयाची, पण मला दीदी म्हणायचा. राहायचा हॉटेलच्याच माळ्यावर. तिथला नियम सरळ होता, जो तंदूरवर तोच माळ्यावर. त्याच्या आधीचा माणूस आजारी पडला, तर दुसऱ्याच दिवशी त्याची वळकटी रस्त्यावर आली आणि त्या जागी हा आला. त्यामुळे काहीही झालं तरी आजारी पडायचं नाही, एवढं त्यानं पक्कं धरलं होतं. तंदूरपासून हलावं लागू नये म्हणून तो पाणीसुद्धा बेतानंच प्यायचा. मी ओरडायचे, तो हसायचा.

त्या दुपारी हॉलमध्ये एका साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, पंगत होती. गरम रोट्या सारख्या आत जात होत्या. मी डबे भरत होते, तेवढ्यात त्यानं मला हाक मारली आणि दंड पुढे केला.

“देखो दीदी, पसीना बंद. आदत हो गई मेरेको.”

चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्यासारखं समाधान. मी दंडाला हात लावला. कोरडा ठणठणीत, आणि तव्यासारखा तापलेला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, उन्हात घाम येतोय तोवर माणूस ठीक आहे. घाम थांबला की त्याला उचलून लिंबाखाली न्यायचं. पण हा थंडीतला माणूस. कोरडं अंग म्हणजे चांगलं अंग, अशीच त्याची समजूत. त्याला वाटलं, आपण एकदाचे अकोल्याचे झालो.

मी उस्तादाकडे वळले. उस्ताद म्हणजे मुख्य आचारी, अमरावतीचा, तोंडाळ पण मनानं बरा.

“उस्ताद, याले ऊन लागलं. बाजूले घ्या याले.”

“मले दिसत नाही काय? पण रोट्या कोन लावन? शेठले सांग.”

शेठ दारातच उभे होते. घामानं त्यांचाही सदरा पाठीला चिकटला होता.

“दहा मिनिटं थांब,” ते म्हणाले. “पोराकडची मानसं जेवून राहिली. आता रोटी थांबली तर माही इज्जत जाते.”

“अन् याचा जीव गेला तर?”

“तू पार्सल बांध. तुले कोनं इचारलं?”

मी परत तंदूरकडे गेले. रोटी आतल्या भिंतीला चिकटवायला कापडाची गादी असते, तिच्यावर रोटी पसरून हात आत घालतात. त्याची गादी जमिनीवर पडली होती आणि तो नुसत्या हातावर रोटी घेऊन आत वाकत होता. मी मनगट धरून ओढलं. त्यानं मला ढकललं, आणि केवढ्या जोरानं.

“छोड़ो दीदी. शेठ देख रहा है.”

मग तो त्याच्या भाषेत कुणाशी तरी बोलू लागला. माझ्याशी नव्हे. डोळे माझ्यावरच होते, पण त्यांत मी नव्हते. मी भयंकर घाबरले. हा माणूस आपल्यादेखत मरणार आणि शेवटपर्यंत रोट्या लावत राहणार, हे मला स्पष्ट दिसलं. त्याला तिथून ओढायची ताकद माझ्यात नव्हती आणि उस्तादाची हिंमत होत नव्हती. राहिला तंदूर.

माझ्या नाकावर राग असतो, असं घरचे म्हणतात. खरं आहे. तापलेल्या तंदूरला पाणी लागलं की माती तडकते, हे उस्तादानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तंदूरवाला कणकेचा गोळा घ्यायला ओट्याकडे वळला, तशी मी भांडी विसळायची भरलेली बादली उचलली आणि तंदूरमध्ये उपडी केली.

वाफेचा लोट छतापर्यंत गेला. माझा हात कोपरापर्यंत भाजला. आतून माती फुटल्याचा आवाज आला, आणि मग पाणी नुसतं चरचरत राहिलं. शेठ तोंडाला येईल ते बोलत होते. तो मात्र गोळा हातात धरून तंदूरकडे बघत राहिला, मग भिंतीला टेकत खाली बसला आणि आडवा झाला. तेव्हा कुठे उस्ताद धावला. आम्ही दोघांनी त्याला पाण्यानं निथळता केला आणि ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

संध्याकाळपर्यंत तो शुद्धीवर आला. हाताला सलाईन. मी इतकी खूश झाले की मला रडूच आलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “तंदूर?”

“फुटला. मी फोडला.”

त्यानं नुसती मान हलवली. माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. उस्ताद हॉटेलात जाऊन आला होता, त्याच्या हातात एक पिशवी आणि वळकटी. ती त्यानं गुपचूप खाटेखाली सरकवली. खाटेवरच्यानं आपली वळकटी ओळखली.

थोड्या वेळानं सिस्टर आल्या. ताप बघितला आणि म्हणाल्या, “उतरला बरं का. सकाळी सुट्टी.”

त्याचा चेहरा पडला. तो कोपरावर उठला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, बुखार थोड़ा बढ़ाके लिखो ना. दो दिन बिस्तर मिल जाएगा.”

सिस्टरना वाटलं, पेशंट आता गंमत करण्याइतका बरा झाला. त्या हसल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.