तिच्या चार वर्षांविरुद्ध मी

आमच्या घरात मोठी गोष्ट भांडून ठरत नाही, वाद करून ठरते. दोन्हींत फरक आहे, सांगते. भांडणात जो तो आपल्या मनातलं बोलतो. वादात तसं नाही. ज्याला काही करायचंय त्याने ते मांडायचं, आणि एकाला दादा पूर्वपक्ष देणार, म्हणजे विरोध करायचं काम. त्याच्या मनात काहीही असो, विरोध पुऱ्या ताकदीने करायचा. हात राखून बोललं तर तो समोरच्याचा अपमान. शेवटी दादा निकाल सांगणार आणि तो सगळ्यांनी मानायचा. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. पाठशाळेत जन्मभर न्यायशास्त्र शिकवलं त्यांनी, त्यामुळे घरही तसंच चालतं. काशीत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या आमच्या या घरात फ्रिज घ्यावा की नाही यावरसुद्धा वाद झालेला आहे. फ्रिज हरला. पुढचे दोन उन्हाळे दूध नासत होतं, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

बायकांना पूर्वपक्ष मिळत नसे. मी तर चौथी शिकलेली, लग्न होऊन दोन वर्षांत माहेरी परत आलेली. माझी जागा आत, पोळपाटाशी. पण कान काही पोळपाटाला बांधलेले नव्हते. चाळीस वर्षं आतून ऐकलं मी. कोण कुठे चुकला, कोणी कुठला धागा उगाच सोडला, सगळं कळायचं. बाहेर कोणी अडला की मी आत मनातल्या मनात उत्तर द्यायची आणि पोळी करपायची. वहिनी म्हणायच्या, "वन्सं, आज कोण जिंकलं ते पोळीवरून कळतंय."

त्या वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या छातीत पेसमेकर होता. मणिकर्णिकेला नेण्याआधी तो काढावा लागतो, अग्नीत फुटतो म्हणतात. दवाखान्यातला माणूस घरी आला, खांद्याखाली चीर दिली आणि काडेपेटीएवढी डबी काढून वाटीत ठेवली. ती वाटी दादांच्या नातीच्या हातात होती. पंधरा वर्षांची पोर. बाकीच्या आम्ही रडत होतो आणि ही वाटीत बघत होती. मग वाटी खाली ठेवून ती मागच्या न्हाणीत गेली आणि भडाभडा ओकली. मी पाठोपाठ गेले, तिचं तोंड धुतलं, कुर्ता बदलला. ती म्हणाली, आत्याआजी, कोणाला सांगू नको. मी म्हटलं, मेले तरी नाही सांगणार.

त्या डबीनेच तिला वेड लावलं. आजीचं काळीज सहा वर्षं ढकलणारी ही वस्तू केली कोणी, म्हणून ती शोधत बसायची. शोधता शोधता तिला बायोमेडिकल इंजिनीअरिंग सापडलं. मला हा शब्द नीट म्हणायलाच आठवडा लागला. मग बारावीच्या वर्षात आम्ही दोघींनी मिळून त्या चार वर्षांचा आराखडा केला. दुपारी सगळे झोपले की मी गहू निवडायची आणि ती मोठ्या ड्रॉइंगच्या कागदावर आठ चौकोन आखून बसायची. आठ सेमिस्टर. पहिल्या वर्षी गणित, भौतिक, थोडं कंप्युटरचं. दुसऱ्या वर्षी एकीकडे शरीर आणि एकीकडे विजेची सर्किटं, हे दोन्ही एकदम येतं म्हणून तेच सगळ्यांत अवघड. तिसऱ्या वर्षी यंत्रं, आणि उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये काम. चौथ्या वर्षी प्रोजेक्ट, आणि पुढे शिकायचं की नोकरी हे सातव्या सेमिस्टरच्या आत ठरवायचं, कारण परीक्षेचे फॉर्म तेव्हाच निघतात. सहाव्या सेमिस्टरमधला एक चौकोन तिने कोरा ठेवला होता. मी विचारलं, हा का गं? म्हणाली, इथे आपल्या आवडीचा विषय निवडता येतो, तोवर कळेल ना मला काय आवडतं ते.

मी आपली अडाण्यासारखं विचारत राहायची. हे जमलं नाही तर? त्या विषयात नापास झालीस तर? ती उत्तर द्यायची, नाहीतर कागदावर खोडून नवं लिहायची. एकदा तिसऱ्या सेमिस्टरवर बोट ठेवून म्हणाली, "इथे शरीररचना आहे. लॅबमध्ये कापलेलं दाखवतात. मला याचीच भीती वाटते, आत्याआजी." मी म्हटलं, होईल सवय. पण ऐकून ठेवलं. खोटं कशाला बोलू, ऐकलेलं मी कधी टाकत नाही.

सीट मिळाली, दक्षिणेकडच्या एका कॉलेजात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होकार भरायचा होता. दादा म्हणाले, उद्या सकाळी मांडू दे. आता झालं असं, की नेहमी पूर्वपक्ष घेणारे शेजारचे शास्त्रीबुवा तापाने पडलेले. दादांचे दोन जुने विद्यार्थी येऊन बसले होते, पण त्यांना या विषयातलं ओ का ठो माहीत नव्हतं. दादांनी इकडे तिकडे बघितलं आणि आत हाक मारली. म्हणाले, "तुला सगळं ठाऊक आहे म्हणे या अभ्यासाचं. तूच घे पूर्वपक्ष."

मी पिठाचे हात धुतले. आनंदाने पदर खोचला. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि हसली. तिला वाटलं, आपलंच माणूस आलं समोर, आता निभावलं.

सुरुवात मी सावकाश केली. इतक्या लांब का, एवढी फी का, अशा प्रश्नांना तिने छान उत्तरं दिली, कर्जाचं, शिष्यवृत्तीचं सगळं पाठ होतं. विद्यार्थ्यांतला एक हळूच म्हणाला, माताजी तर हात राखून बोलताहेत. ते मला लागलं. चाळीस वर्षं आत बसून जे मनात बोलले ते सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, कोरा चौकोन दाखव. जिला स्वतःलाच ठाऊक नाही काय आवडतं, तिच्यासाठी बापाने कर्ज का काढावं? विद्यार्थी वाहवा म्हणाले. दादांनी मान डोलावली. त्यांनी माझ्या कुठल्याही गोष्टीवर मान डोलावलेली मी तोवर पाहिली नव्हती.

मग मी तिसऱ्या सेमिस्टरवर आले.

"इथे काय आहे?"

"शरीररचना."

"लॅबमध्ये कापलेलं बघायला लागतं?"

"हो."

"तुला बघवतं?"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. दादा म्हणाले, "उत्तर."

"बघवतं," ती म्हणाली.

तिथे थांबायला हवं होतं मी. माझ्याइतकं ते कोणाला कळत होतं? पण खरं सांगते, त्या क्षणी मला पोर दिसतच नव्हती. फक्त उघडी पडलेली जागा दिसत होती.

"मग वहिनींच्या वेळी मागच्या न्हाणीत कोण ओकत होतं?"

विद्यार्थी मोठ्याने हसले. तिचा बाप, माझा भाचा, बँकेत साहेब आहे, तोही हसला. पोरीचे कान लाल झाले. खाली बघत ती म्हणाली, "नाही बघवत. आजीला बघून तर काहीच बघवेना. म्हणून तर शिकायचंय मला, की दुसऱ्या कोणाची आजी…"

"आधी बघवतं म्हणालीस," दादा म्हणाले. "आता नाही म्हणतेस. प्रतिज्ञा मोडली."

आमच्याकडे हा नियमच आहे. एकदा बोललेलं फिरवलं की हार, पुढचं ऐकून घेत नाहीत. तिचं खरं उत्तर ते पुढचंच होतं, पण ते नियमाच्या बाहेर पडलं. दादांनी निकाल दिला: इथेच राहून गणितात बी.एस्सी. करावं, नंतर बी.एड. विद्यार्थ्यांनी मला वाकून नमस्कार केला.

दुपारी मी दादांकडे गेले. म्हटलं, मी बोलले ते माझं मत नव्हतं हो, पोर हुशार आहे, जाऊ द्या तिला. दादा पोथीतून वर न बघता म्हणाले, "पूर्वपक्ष करणाऱ्याने नंतर आपलं मत सांगायचं नसतं. एवढं ऐकलंस जन्मभर, आणि हे नाही ऐकलंस?" भाच्याकडे गेले. होकार भरताना लागणारा ओटीपी त्याच्या मोबाइलवर यायचा होता. तो म्हणाला, आत्या, बाबांचा निकाल लागल्यावर मी काय करू? पोरीने त्याला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं. संध्याकाळ झाली, घाटावर आरतीच्या घंटा वाजल्या, आणि मुदत संपली.

आता ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिली येते. मला घरात मान आहे. तेव्हापासून तीनदा पूर्वपक्ष मला मिळाला आणि तिन्ही वेळा मी बसले. आवडतं मला. काय लपवू?

ती माझ्याशी भांडली नाही, अबोला धरला नाही. फक्त माझ्याशी मराठी बोलायची थांबली. घरात सगळ्यांशी मराठी, माझ्याशी हिंदी, तीही आप लावून. दादी, दवा ले लीजिए. दादी, खाना लग गया. औषधाची वेळ एक दिवस चुकवत नाही, तेवढं खरं.

परवा गच्चीवर ती कपडे काढत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, बाळा, चुकलं गं माझं. तिने दोरीवरची माझी साडी ओढली, दोन्ही टोकं जुळवून घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"आपने झूठ थोड़े बोला था," ती म्हणाली, आणि बाकीचे कपडे घेऊन जिना उतरली.