अर्धी बरणी

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गाळ्यातल्या भंगारासारखे ते कोपऱ्यात साठत जातात. एक दिवस टाकायला काढावेत, तर प्रत्येक तुकडा हातात घेऊन माणूस तासभर बसून राहतो.

साकीनाक्याला माझा प्लास्टिकचा गाळा आहे. वर्षानुवर्षं आम्ही दुसऱ्यांच्या डायवर, म्हणजे लोखंडी साच्यावर, माल काढला. झाकणं, बादल्यांच्या मुठी, मिळेल ते. स्वतःची म्हणावी अशी एक वस्तू नव्हती. मग दहिसरच्या राणेकाकूंनी विचारलं, "माझ्या लोणच्याक बरणी करशील?" त्या लोणची-मसाल्याचा धंदा करतात, हाताखाली आठ-दहा बायका. बरणी पसंत पडली की डाय आपली, माल आपला. मी म्हटलं, डिझाइनही आपलंच. शिक्षण बारावी कॉमर्स, पण व्हिडिओ बघून कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, शिकलो होतो ना!

*

या सॉफ्टवेअरला सगळं आठवतं. तुम्ही काय काय केलंत त्याची यादी डावीकडे, त्याच क्रमाने. क्रम बदलला की वस्तू बदलते.

मी आधी बरणी केली, मग ती आतून पोकळ केली, मग तिला धरायला कान लावला. कान निघाला भरीव. एवढं जाड प्लास्टिक थंड होताना खड्डा पडतो, हे मला धंद्यामुळे ठाऊक. म्हटलं, सोपं आहे. कान उचलला आणि यादीत 'पोकळ करणे'च्या वर ठेवला. आता बरणीबरोबर कानही पोकळ झाला, आणि दोन्हींची आतून वाट एक.

आमची डिझायनर सायली. दिंडोशीहून येते, रीतसर डिप्लोमा केलाय. तिने स्क्रीनवरची बरणी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली.

"छान आहे सर. आता कानातही लोणचं राहील."

*

मला गोलाईची भारी हौस. कडा गोल केल्या की वस्तू महाग दिसते. म्हणून मी सुरुवातीलाच सगळ्या कडा गोल करून टाकल्या. नंतर गळा जरासा रुंद केला, तर खालची अख्खी यादी लाल. एकही गोलाई जागेवर बसेना, कारण ज्या कडांवर ती केली होती त्या कडाच उरल्या नव्हत्या.

सायली म्हणाली, "सर, मुलगी बघायला जायच्या आधी तुम्ही बारशाचे पेढे वाटलेत."

*

मग तिने नियम केला, प्रत्येक पायरीला मराठीत नाव द्यायचं. पोट, कान, गळा. झकास चाललं होतं. एकदा वाटलं, हे पोट फार सुटलंय, नवीन काढू. 'पोट' डिलीट केलं. सगळं त्याच्यावरच बसलेलं, त्यामुळे स्क्रीन कोरी.

समोर डायमेकर दळवी चहा पीत बसला होता. माझा जुना दोस्त.

"अरे शेठ, तुला काय पुसायचं ते इथेच पुसून घे. मी एकदा लोखंड कापलं की अनडू नाही."

*

घरीही सुटका नव्हती. वस्तू मधोमध कापून आतली जाडी बघायची मला सवय लागली. गणपतीत मोदक हातात आला, तो सुरीने उभा चिरला आणि बायकोला दाखवला. "बघ, कडेला पातळ आहे, बुडाशी जाड झालंय."

ती म्हणाली, "खाणारेस की डाय करायचीये?"

*

खरं तर सॉफ्टवेअरमध्ये वस्तू न कापता काप बघायचं एक बटण असतं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बरणी खरोखर उभी कापायचो, जाडी बघायचो आणि काप पुसायचो. विसरू नये म्हणून त्या शेवटच्या पायरीला नावच दिलं होतं, 'बघून झालं की काढणे'.

नेमका विसरलो. अंधेरीहून थ्रीडी प्रिंटचं सॅम्पल आलं ते राणेकाकू खुर्चीत बसल्यावर. त्यांच्यासमोरच ऐटीत खोकं उघडलं. आत अर्धी बरणी, पाठीला अख्खा कान.

"ह्या काय रे? मेली अर्धीच कशी?"

सायली पंख्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काकू, आतून नीट दिसावी म्हणून."

काकूंनी आतून बोट फिरवलं. गळ्याखाली थांबल्या. "हय मसालो अडाकतलो. ही नको." अर्धी बरणी पिशवीत टाकली आणि निघाल्या. दळवीने डायसाठी आणून ठेवलेलं लोखंड तसंच पडून होतं. त्याच्याकडे बघवेना.

आठवड्याने फोन.

"तुझी ती अर्धी बरणी रे. कान धरून मिठाच्या गोणीत खुपसली की भरून येता. बायका भांडतत तिच्यासाठी. आणखी दी."

"आणि बरणी, काकू?"

"बरणी ऱ्हवांदे."

दळवीने लोखंड मशीनवर चढवलं. सायली फाइल पाठवायला बसली. यादीवरून खालपर्यंत बोट नेलं. पोट, कान, गळा, गोलाई.

"सर, या शेवटच्या पायरीचं नाव बदलू? 'बघून झालं की काढणे'?"

"राहू दे," मी म्हटलं. "फक्त काढू नकोस."